हसण्यावारी नेलेला वायू

वाल, पावटे, हरभरे सोडले तर गॅस थांबेल का? या प्रश्नामागे एक गृहीत असते : वायू सरणे म्हणजे पचन बिघडणे. पुरावा वेगळेच सांगतो. शेफील्डच्या संशोधकांनी 1991 मध्ये 10 निरोगी माणसांना रोजच्या जेवणाबरोबर 200 ग्रॅम बेक्ड बीन्स दिले आणि त्यांचा चोवीस तासांचा वायू नळीने गोळा केला. तो 476 पासून 1491 मिलिलिटरपर्यंत भरला. बायका-पुरुषांत फरक आढळला नाही. तंतुमय पदार्थ पूर्ण वगळल्यावर तो सुमारे 200 मिलिलिटरवर आला. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा तोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. या आंबण्यातून वायू निघतो, तसेच ब्युटिरेट नावाचे द्रव्यही बनते आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात.

पण घाण वास येतो तो का? याचे उत्तर मिनियापोलिसचे पोटविकारतज्ज्ञ मायकेल लेविट यांनी शोधले. ज्या विषयावर लोक फक्त हसतात, त्याला या माणसाने अनेक दशके दिली, आणि त्यांचे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. 1998 च्या प्रयोगात 16 जणांच्या वायूचे नमुने दोन परीक्षकांनी हुंगून पारखले. वायूचा बहुतांश भाग असलेल्या हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनला वासच नसतो. दुर्गंधी ठरली ती अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त वायूंची, विशेषतः हायड्रोजन सल्फाइडची. म्हणजे वास तीव्र असला म्हणून वायू जास्त असे नाही.

मग ज्यांचे पोट खरोखर फुगते, दुखते, त्यांचे काय? लेविट आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये अशा रुग्णांच्या आतड्यातला वायू मोजला. तो निरोगी माणसांइतकाच निघाला. फरक होता तो आतड्याच्या हालचालीत आणि संवेदनशीलतेत. म्हणून गॅस 'नाहीसा' करणाऱ्या चूर्ण-गोळ्यांच्या जाहिराती अनेकदा भलत्याच शत्रूशी लढतात. दुखणे टिकले, वजन घटले किंवा शौचातून रक्त गेले तर डॉक्टरच गाठावा. कडधान्ये मात्र भिजवून, ते पाणी टाकून, हळूहळू प्रमाण वाढवत खावीत. या वायूच्या अभ्यासाचा आणखी एक उपयोग झाला. मानवी पेशी हायड्रोजन बनवत नाहीत. श्वासात तो आला तर आतड्यातल्या जिवाणूंचाच असतो. याच तत्त्वावर आज दुधातली साखर न पचण्याचे निदान सुई न टोचता होते. लाजेपायी या वायूकडे पाठ फिरवली असती, तर ही चाचणी आपल्याला मिळालीच नसती.