कुठले पवार?



पारध्यांची मुले आता शिकू लागली, मग त्यांना नोकरी का लागत नाही, असे मंडळीतले पुष्कळ जण विचारतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 साली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. दुष्काळामुळे मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांची मुले तेथे शिकली, दहावीही पास झाली. गाडी अडते ती त्यापुढे.

पारध्यांची आडनावे पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण अशीच असतात. त्यामुळे अर्ज बाजूला पडत नाही, भेटायला बोलावणे येते. मग प्रश्न येतो, "कुठले पवार?" विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी वाईट असते असे नाही, आपल्याकडे ती सवयच आहे. पण मुलाने खरे उत्तर दिले की समोरच्याचा चेहरा बदलतो.

डोंबिवलीत एका मुलाबरोबर मी स्वतः गेलो होतो. दुकानात माल लावण्याचे काम होते, मुलगा बारावी पास. मालक म्हणाले, उद्यापासून ये. मग गाव विचारले, समाज विचारला, आणि "फोन करतो" म्हणाले. फोन आला नाही. गल्ल्याजवळ असला माणूस नको, असे ते म्हणाल्याचे नंतर कळले. परतीच्या लोकलमध्ये मुलाने विचारले, "दादा, पुढच्या वेळी मराठा सांगू का?" खोटे बोल असे मी सांगू शकत नव्हतो, आणि खरे बोल म्हणायलाही जीभ जड झाली.

हा संशय आला कुठून? इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. पोलिसांकडे हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत, बाहेर जायला परवानगी. यांतल्या काही वसाहती मुक्तिफौजेने आणि इतर मिशन संस्थांनी सरकारसाठी चालवल्या, हेही आपण विसरू नये. हेतू सुधारणेचा होता, पण कुंपण कुंपणच होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून काम वाटण्याची पद्धत रद्द केली, तेव्हा विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजण्यावरही बोट ठेवले. सत्तर वर्षांनंतरही ते सांगावे लागले.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. संविधानाचे 16 वे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत असल्यामुळे त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि 2015 च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कारही त्यात आला. पण "फोन करतो" हे कोर्टात सिद्ध कसे करणार? विमुक्त जातींमधल्या कंजारभाट किंवा वडार तरुणाला तर या कायद्याचाही आसरा नाही.

सुरक्षा रक्षकाच्या कामाला पोलीस पडताळणी लागते. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे त्यात चारित्र्य आणि पूर्वेतिहास पाहायचा असतो, जात नव्हे. तरी आसपास चोरी झाली की ज्यांच्या पालावर आधी विचारपूस होते, त्या घरातला मुलगा पोलीस ठाण्याची पायरी चढायलाच घाबरतो. शिवाय अर्जात ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे लागतात. पुलाखाली वाढलेल्या मुलाने कोणाची लिहायची?

नासरेथचे नाव ऐकताच नथनेलाने शंका घेतली, तेव्हा फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहा म्हणाला. आमचा अनुभवही तोच आहे. भाषणाने कोणी माणूस ठेवत नाही, आठ-पंधरा दिवस काम पाहिले की ठेवतो. म्हणून आम्ही मालकांना एवढेच सांगतो, पगार देऊन पंधरा दिवस काम बघा, गाव आणि समाज विचारू नका.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या मंडळ्यांत सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, दुकानदार आहेत, दवाखाने चालवणारे आहेत. सध्या आमच्याकडे वाहन परवाना असलेली दोन मुले आणि रुग्णसेवेचा कोर्स केलेली एक मुलगी कामाच्या शोधात आहेत. त्यांना काम देता येत नसेल, तर अर्जातल्या त्या दोन जागांपैकी एका जागी आपले नाव आणि फोन नंबर लिहू द्या. मात्र आधी त्यांना घरी बोलावून भेटा, म्हणजे कोणी फोन करून विचारले तर ओळखतो असे खरेपणाने सांगता येईल. उपासनेनंतर आपल्या पाळकांकडे नाव द्या; मी त्यांना घेऊन येईन.