मासोळ्यांची टाकी हलवताना

घराला रंग द्यायचा असतो, पावसाळ्यात भिंतीला ओल आलेली असते, किंवा खोलीची मांडणी बदलायची असते. मग मासोळ्यांची काचेची टाकी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायची वेळ येते. ‘दोन हात तर सरकवायची आहे, चौघे मिळून उचलू’ असे कोणीतरी म्हणते. हे दोन हात अंतर इतके साधे का नाही, ते या लेखात पाहू.

वजनाचा हिशेब

समजा, टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. म्हणजे अंदाजे १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर. काच १० मिलिमीटर जाडीची आहे. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट असते. त्यावरून पाच काचांचे वजन ५० किलोग्रॅम येते. तळाशी ५ सेंटिमीटर वाळूचा थर असेल तर त्याचे सुमारे ४० किलोग्रॅम. पाणी ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरले, तर वाळूने व्यापलेली जागा वजा जाता ते २०० लिटर, म्हणजेच २०० किलोग्रॅम भरते. लोखंडी स्टँड धरला की एकूण भार ३२० किलोग्रॅमच्या आसपास जातो. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. यात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा आहे, आणि नेमका तोच सहज वेगळा काढता येतो.

निम्मे पाणी का चालत नाही?

‘अर्धे पाणी काढले की पुरे’ असा एक समज आहे. पण २० सेंटिमीटर पाणी असलेली टाकी चालता चालता थांबवली की पाणी पुढच्या काचेवर चढते, मग मागे येते, पुन्हा पुढे जाते. १२० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत अशा एका हेलकाव्याला सुमारे १.८ सेकंद लागतात. जड ओझे उचलून सावकाश चालणाऱ्या माणसाची दोन पावले जवळजवळ तेवढ्याच वेळात पडतात. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका वाढतो, तसाच येथे हेलकावा वाढत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. मोठ्या परातीत पाणी घेऊन वर्गात चालून पाहिले तर हे लगेच कळते.

हेलकाव्याबरोबर वजन एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जाते आणि टाकीला पीळ बसतो. सिलिकोनचे सांधे थोडे ताणले जातात, पण काच वाकून घेत नाही. एखाद्या कोपऱ्यावर ताण एकवटला की ती तडकते. भरलेली टाकी स्टँडसकट ढकलणे तर आणखी वाईट. पाय फरशीत अडतात आणि स्टँड तिरका होतो. म्हणून टाकी रिकामी करावी, वाळूही काढावी, आणि चौघांनी तळाला हात घालून उचलावी. वरच्या कडांना धरून उचलू नये. नव्या जागी टाकीखाली सपाट फळी व त्यावर थर्मोकोलचा ताव घातला की बारीक उंचवट्यांचा ताण काचेवर येत नाही.

नवी जागा कोणती?

भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम इतका वापरभार धरून आखतात. आपली टाकी सुमारे अर्ध्या चौरस मीटरवर ३२० किलोग्रॅम ठेवते. याचा अर्थ स्लॅब लगेच पडेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण जागेची निवड महत्त्वाची ठरते. दोन पुस्तकांवर प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवा. मध्यभागी वजन ठेवले की ती खूप वाकते, पुस्तकाजवळ ठेवले की थोडीच. ३ मीटर अंतरावरच्या दोन टेकूंच्या मध्यभागी असलेला भार एका टेकूपासून ३० सेंटिमीटरवर आणला, तर वाकवणारा परिणाम जवळजवळ एक तृतीयांश उरतो. म्हणून टाकी तुळईच्या वर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवावी.

आमच्या भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. काँक्रीटमध्ये ओल व क्षार शिरले की आतले गज गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. आपल्या फरशीची खालची बाजू म्हणजे खालच्या शेजाऱ्यांचे छत. टाकी हलवण्याआधी ते पाहून यावे. तेथे भेगा, सुटलेला गिलावा किंवा उघडे गज दिसले, तर अभियंत्याचा सल्ला घेईपर्यंत टाकी भरू नये.

न दिसणारे रहिवासी

मासे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांनाच विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट, व नायट्राइटचे कमी घातक नायट्रेट बनवतात. हे जीवाणू सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला काही आठवडे लागतात. स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला तर क्लोरीनमुळे ही वसाहत मरते. टाकी चकचकीत दिसते, पण काही दिवसांनी मासे मरू लागतात.

आपल्याकडे बारवी धरणाचे किंवा उल्हास नदीचे पाणी क्लोरीन घालूनच नळाला येते. म्हणून टाकीतले पाणी फेकून देऊ नये. प्रथम पंप व दिव्याचे प्लग काढावेत. नळीने पाणी स्वच्छ, साबण न लागलेल्या पिंपांत उतरवावे. मासे त्याच पाण्यात रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवून वर जाळी झाकावी आणि हवेचा पंप तेथे चालू करावा. स्पंज व वाळू त्याच पाण्यात ओली ठेवावी. टाकी मांडून झाली की जुने पाणी परत भरावे. उरलेल्या भरीसाठी घेतलेल्या नळाच्या पाण्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रणातला ‘हायपो’, दुकानदाराने सांगितलेल्या प्रमाणात घालावा. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर भरीचे पाणी आदल्या दिवशी साठवून ठेवणे बरे.

पुढचे दोन आठवडे माशांना खाणे बेताचे घालावे. शाळेत टाकी असेल, तर मुलांना रोज अमोनिया व नायट्राइट मोजून नोंद ठेवता येईल. जीवाणू टिकले की नाही, हे त्या आकड्यांवरून त्यांचे त्यांनाच कळेल.