'टेल' म्हणजे आधी मोजणे

एटीएम या नावातला 'टी' म्हणजे टेलर, म्हणजेच बँकेच्या खिडकीमागे बसून नोटा मोजून देणारा कर्मचारी. शाळेत तर आपण 'टेल' म्हणजे सांगणे असे पाठ केलेले असते. मग मोजणाऱ्याला हे नाव कसे पडले?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद 'टेलन' असे होते. मोजणे, हिशेब करणे आणि सांगणे, तिन्हींसाठी तेच वापरत. त्याचे भाऊबंद शेजारच्या भाषांत आजही नांदतात. डचमध्ये मोजणे 'टेलन', गोष्ट सांगणे 'फरटेलन'. जर्मनमध्ये 'त्सेलन' आणि 'एरत्सेलन'. इंग्रजी 'ट'च्या जागी जर्मनमध्ये 'त्स' येणे हा योगायोग नव्हे. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने १८२२ साली असे ध्वनिबदल नियमात बसवून दाखवले. संस्कृत 'दश', इंग्रजी 'टेन', जर्मन 'त्सेन'. 'द्वि', 'टू', 'त्स्वाय'. हा 'त्स' मराठी जिभेला परका नाही. 'चाक' म्हणून पाहा, त्यातला 'च' तोच.

मोजणे आणि सांगणे एका शब्दात कसे मावले? मला यात नवल वाटत नाही. मेंढ्या मोजणारा एकही न गाळता पुढे सरकतो. गोष्ट सांगणाराही घटना तशाच ओळीने मांडतो. आपणसुद्धा गाऱ्हाण्यांचा पाढाच वाचतो ना!

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या फ्रेंचमधून पुढे 'काउंट' आला, त्याने मोजण्याचे काम हळूहळू आपल्याकडे घेतले आणि 'टेल'कडे सांगणे उरले. जुना अर्थ कानाकोपऱ्यात मात्र टिकला. ब्रिटिश संसदेत मते मोजणाऱ्या सदस्यांना अजूनही 'टेलर' म्हणतात, आणि 'अनटोल्ड' संपत्ती म्हणजे अगणित संपत्ती.

गंमत अशी की, 'काउंट'ची कहाणीही हीच. लॅटिन 'कॉम्प्युटारे' म्हणजे हिशेब करणे. कॉम्प्युटरही त्यातूनच आला. त्याच शब्दापासून फ्रेंचमध्ये दोन क्रियापदे झाली, एक मोजण्याचे, दुसरे गोष्ट सांगण्याचे. लिहिताना ती वेगळी, पण दोन्हींचा उच्चार एकच, 'कोंते'. हिब्रू भाषेचे कूळ पूर्ण वेगळे, तरी तिथेही 'मिस्पार' म्हणजे आकडा आणि 'सिप्पुर' म्हणजे गोष्ट, दोन्ही एकाच धातूची.

आणि आपल्याकडे? संस्कृतात 'ख्या' हा सांगण्याचा धातू. 'आख्यान' त्याचेच, 'व्याख्या' त्याचीच. 'संख्या'ही त्याचीच.