डोळ्यांना हवा दिवसाचा उजेड

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या आग्नेय बाजूस फ्लॅट बुश नावाची वस्ती आहे. एके काळी तेथे शेतीवाडी व गुरांची कुरणे होती. आज तेथे नव्या घरांच्या रांगा असून भारतीय, चिनी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. तेथील मुलांचा दिवस आपल्या मॉरिशसमधील मुलांच्या दिवसाहून फार वेगळा नाही. शाळेत लॅपटॉप, घरी टॅब्लेट, संध्याकाळी टीव्ही आणि सुट्टीच्या दिवशी दूरच्या आजी-आजोबांशी मोबाईलवर भेट. म्हणून डोळ्यांचा प्रश्न तेथील आणि येथील आई-वडिलांचा एकच आहे.

न्यूझीलंड सरकारने २०२४ च्या एप्रिलअखेरपासून शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांना मोबाईल वापरण्यास मनाई केली. मुलांचे लक्ष अभ्यासात राहावे हा तिचा हेतू. परंतु घरी मोबाईल किती वेळ हातात असावा, हे कायदा ठरवत नाही. ते काम आपले आहे.

वाचकहो, स्क्रीनमुळे होणारे दोन त्रास वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला थकव्याचा. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. विश्रांती घेतली की हा त्रास बहुधा जातो. निळा प्रकाश अडविणारे चष्मे यासाठी विकले जातात. परंतु २०२३ मध्ये १७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असे दिसले नाही.

दुसरा त्रास अधिक गंभीर. लहान वयात डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांब वाढला, की दूरचे अंधुक दिसू लागते. याला लघुदृष्टी म्हणतात. चष्म्याने स्पष्ट दिसते, पण लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे डोळ्यातील पडदा सुटण्याचा किंवा काचबिंदूचा धोका वाढतो.

याला केवळ वाचन किंवा स्क्रीन कारण आहे काय? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिंगापूर आणि सिडनी येथील चिनी वंशाच्या ६-७ वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. सिंगापुरात १०० पैकी २९ मुलांना लघुदृष्टी होती; सिडनीत केवळ ३ मुलांना. दोन्हीकडे आई-वडिलांच्या चष्म्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. सिडनीची मुले तर पुस्तकेही अधिक वाचत. मोठा फरक दिसला तो घराबाहेर राहण्यात. सिडनीची मुले आठवड्यात जवळजवळ १४ तास बाहेर असत, सिंगापूरची सुमारे ३ तास. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर ठेवण्याची मोहीम हाती घेतली ती याच विचाराने. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतील दिव्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो, आणि तो डोळ्याची जादा वाढ रोखण्यास मदत करतो असे शास्त्रज्ञ मानतात.

फ्लॅट बुशमध्ये बॅरी कर्टिस पार्क हे विशाल उद्यान आहे. मनुकाऊचे माजी महापौर बॅरी कर्टिस यांचे नाव त्याला दिले आहे. ज्या वस्तीत अशी मोकळी जागा आहे, तेथील मुलाने दुपारभर सोफ्यावर का बसावे? आपल्याकडे तर अंगण आहे, समुद्रकिनारा आहे. ऊन कडक असेल तर टोपी घालावी, झाडाच्या सावलीत खेळावे. तेथेही पुरेसा उजेड मिळतो. सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.

न्यूझीलंडमध्ये शाळेत जाण्यापूर्वी, चौथ्या वर्षी, मुलांची दृष्टी मोफत तपासतात. परंतु लघुदृष्टी बहुधा त्यानंतर, शाळेच्या वयातच सुरू होते. तेव्हा एका तपासणीवर विसंबून राहू नये. आम्हा शिक्षकांना काही खुणा लवकर दिसतात. मूल डोळे बारीक करून फळ्याकडे पाहते. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. मराठीच्या तासाला फळ्यावरचा अनुस्वार त्याच्या वहीत येत नाही, ‘घ’चा ‘ध’ होतो. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

घरी पुढील नियम पाळावेत:

१. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे.

२. पुस्तक वा मोबाईल डोळ्यांपासून निदान कोपर ते मूठ इतक्या अंतरावर, आणि संगणक हातभर दूर असावा.

३. अक्षरे मोठी करून वाचावे. देवनागरीतील काना-मात्रा बारीक अक्षरांत डोळ्यांना शिणवतात.

४. अंधारात, अंथरुणात मोबाईल पाहू नये.

५. रोज दोन तास उघड्यावर जावेत.

वडीलधाऱ्यांसाठीही एक गोष्ट. चाळिशीनंतर मोबाईल लांब धरावा लागतो, हे वयाचे लक्षण आहे. त्याला वाचायचा चष्मा पुरतो. परंतु मधुमेह असेल तर काही त्रास नसला तरीही वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. आपल्या बेटावर मधुमेह किती पसरला आहे हे १९८७ च्या आरोग्य सर्वेक्षणापासून सर्वांस ठाऊक आहे, आणि त्यामुळे होणारी इजा प्रथम कळतही नाही.

मोबाईल टाकून द्या असे कोणी सांगत नाही. त्याच्यामुळेच परदेशीचे नातवंड आजीला दिसते. पण आजीने त्या नातवंडाला ‘जेवलास का?’ या प्रश्नाबरोबर ‘आज बाहेर खेळलास का?’ हेही रोज विचारावे.