कापलं, तासलं, तरी पाणी पितंच!

झाड तोडलं की त्याचं पाणी पिणं थांबतं, असं आपल्याला वाटतं. पण खिडकीची चौकट असो की वाड्याचा खांब, लाकूड हवेतली ओल जन्मभर घेत-सोडत राहतं. वखारीतली करवत, वाळवणीची भट्टी आणि औषधाची टाकी यांची निम्मी धडपड या एका खोडीपायी असते. या ओलीच्या आणि एकूणच लाकडाच्या या काही गमती.

दार फुगतं, उंच होत नाही
आषाढात दार अडतं ते बहुधा कडीच्या बाजूनं. ओल लागली की लाकूड रेषांना आडवं फुगतं. लांबीतला फरक इतका किरकोळ की सुतार तो हिशेबातही धरत नाही. आडव्यातही दुजाभाव आहेच. वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेनं लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेनं आकसतं. फळ्या वाकतात त्या बऱ्याचदा यामुळेच. तेव्हा जुलैत घाईनं दाराला रंधा मारू नका, जानेवारीत फट दिसेल.

शंभर टक्क्यांच्या वर पाणी
ओलाव्याची टक्केवारी काढतात ती पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या वजनावर. त्यामुळे काही ताज्या ओंडक्यांत ओलावा 100 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे लाकडापेक्षा पाणीच जड! पेशींच्या पोकळीतलं पाणी निघून जाईपर्यंत लाकूड फारसं आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि खरे नखरे तिथून सुरू होतात.

वाळवायचंय? मग वाफ सोडा
उघड्या हवेत वाळवायचं तर जुना ठोकताळा आहे, इंचभर जाडीला एक वर्ष. भट्टीत तेच काम काही दिवसांत किंवा आठवड्यांत उरकतं. मजा म्हणजे या वाळवणाऱ्या भट्टीत मुद्दाम वाफ सोडतात. बाहेरचा थर आधीच कडकडीत वाळला आणि आत ओल कोंडली, तर फळीला चिरा पडतात. थप्पीत दोन फळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या ठेवतात, त्याही वरपासून खालपर्यंत एका रेषेत हव्यात. पट्टी सरकली तर फळीला बाक येतो आणि वाळल्यावर तो जाता जात नाही.

साग पाती खातो
साग कापायला तसा सोपा. पण त्यात सिलिका असतं, म्हणजे वाळूतला मुख्य घटक. त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथटतं आणि यंत्रांना कार्बाइडचे दात लावावे लागतात. टिकाऊपणात मात्र सागाला तोड नाही. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली 1817 मध्ये बांधलेली सागवानी युद्धनौका ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

दहा जण, काम एकशे दहांचं
शिडाच्या जहाजांना दोरखंड ओढायला लाकडी कप्प्या ढिगांनी लागायच्या. पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रं बसली आणि 110 कारागिरांचं काम दहा माणसं करू लागली. 1808 पर्यंत वर्षाला 1,30,000 कप्प्या निघत होत्या.

कार्ल्याला मान वर करा
कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. डोंगर कोरून केलेल्या छताला आधार कशाला हवा? आधार नकोच होता. त्या काळच्या लाकडी सभागृहांची घडण कारागिरांनी दगडातही पाळली. या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. वर पाऊस नाही, खाली जमिनीची ओल नाही, हे त्यामागचं मोठं कारण. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीचं लाकडात काही चालत नाही.

औषध पितो तो दुबळाच
गाभ्याचं लाकूड टिकाऊ आणि सालीलगतचं कच्चं, हे खरं. पण कच्चा भाग कीड-बुरशीवरचं औषध घटाघटा पितो आणि गाभा तोंड मिटून बसतो. औषध पाजायची रीत जॉन बेथेल यांच्या 1838 च्या पेटंटची. लाकूड लोखंडी टाकीत कोंडायचं, पोकळ्यांतली हवा ओढून घ्यायची, मग दाबानं क्रिओसोट, म्हणजे डांबरापासूनचं तेल, आत घुसवायचं. रेल्वेचे लाकडी स्लीपर असेच काळेभोर झाले.

हिरवट रंग डेहराडूनचा
जगभर विजेच्या खांबांना आणि कुंपणांना दिसणारी हिरवट झाक भारतीय शोधाची आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक किडीला मारतं आणि क्रोमियम दोघांना लाकडात जखडून ठेवतं. आर्सेनिकच्या धास्तीनं अमेरिकेत 2003 च्या अखेरीस ते बहुतेक घरगुती वापरातून मागे घेतलं गेलं. असलं लाकूड चुलीत कधीही घालू नये. विष धुरात आणि राखेत उतरतं.

कॅरमची पूड, किडीचा काळ
सोंगट्या सुळकन सरकाव्यात म्हणून कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर आणि सोनाराकडचा टाकणखार, या जोडीच्या पाण्यात रबराच्या झाडाचं लाकूड मुरवतात. नाहीतर भुंगेरे त्याचं पीठ करतात. पावसात मात्र हे औषध धुऊन जातं, म्हणून असलं फर्निचर घरातच बरं.

प्लायची उकड
‘वॉटरप्रूफ आहे हो’ एवढ्यावर प्लाय घेऊ नका, शिक्का बघा. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. त्याचा तुकडा चाचणीत 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. पाणी तोही पितोच. परीक्षा असते ती डिंकाची, पदर सुटता कामा नयेत. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट करायला घ्याल, तेव्हा सुताराला आधी हा 710 चा आकडाच विचारा.