विजेच्या मोटारसायकलीचें बळ चाकापर्यंत कसें न्यावें?

जुन्या मोटारसायकलीचें इंजिन काढून तिच्यांत विजेची मोटार बसवावी, हा विचार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. आमच्याहि मनांत तो आला, आणि घरच्या अंगणांत आम्हीं तो अंमलांत आणला. मोटार कोणती व बॅटरी केवढी, याची चर्चा सर्वत्र ऐकूं येते. मोटारीचें बळ मागील चाकापर्यंत न्यावें कसें, हा प्रश्न मात्र बहुतेकजण शेवटीं विचारतात. तो प्रथम विचारावयास पाहिजे होता, हें आम्हांस एक बेअरिंग गमावल्यावर कळलें.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चाकाच्या तुंब्यांतच मोटार असणें. हिला हब मोटार म्हणतात. साखळी नाहीं, पट्टा नाहीं, तेल नाहीं. टीव्हीएस कंपनीची २०२० सालीं निघालेली आयक्यूब स्कूटर याच पद्धतीची. सपाट रस्त्यास ही रचना उत्तम. परंतु घाटाचा हिशेब करून पहावा. गाडी व स्वार मिळून वजन २०० किलो धरलें आणि चढ दहास एक असला, तर नुसत्या चढासाठीं सुमारें १९६ न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरतां आंसापाशीं ५९ न्यूटन-मीटर पीळ हवा. हब मोटारीस तो सगळा स्वतः द्यावा लागतो. पीळ वाढविण्यास वीजप्रवाह वाढवावा लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला कीं तांब्याच्या वेटोळ्यांतील उष्णता चौपट होते. लांब घाटांत लहान हब मोटार जळते ती यामुळें. शिवाय पंक्चर काढतांना तारा सोडवाव्या लागतात, ती कटकट निराळीच.

दुसरा मार्ग मोटार सांगाड्यांत बसवून साखळीनें चाक फिरविण्याचा. चाकाचा परीघ सुमारें १.९ मीटर असतो. म्हणजे ताशीं ६० किलोमीटर वेगास तें मिनिटास सुमारें ५३० फेरे घेतें. मोटारीस १२ दांतांचें व चाकास ६६ दांतांचें चक्र लाविलें, तर मोटार २,९०० फेरे घेईल, आणि वरील घाटांत तिला ५९ ऐवजीं अवघा ११ न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागेल. पुढील चक्र १२ दांतांहून फार लहान करूं नये. साखळी झटके देत चालते व लवकर झिजते.

आमची चूक येथेंच झाली. मागील चाक ज्यांत बसतें, त्या हलत्या भागास मेकॅनिक लोक चिमटा म्हणतात. मोटारीचें चक्र चिमट्याच्या खिळीपासून आम्हीं १५ सेंटिमीटर पुढें बसविलें, आणि गाडी स्टँडवर असतां साखळी ताणली. त्या वेळीं चिमटा खालीं लोंबत असतो. मनुष्य बसला कीं चक्र, खीळ व आंस एका रेषेत येतात आणि अंतर वाढतें. आमच्या गाडींत तें सुमारें ७ मिलिमीटर वाढलें. साखळी तारेसारखी ताठ झाली, आणि मैदानावरील चवथ्याच दिवशीं मोटारीचें बेअरिंग ओरडूं लागलें. आतां चक्र खिळीच्या शक्य तितक्या जवळ आणलें आहे, व साखळी आम्ही कोणास तरी गाडीवर बसवूनच ताणतों.

दातेरी पट्टा शांत चालतो, त्यास तेल लागत नाहीं. २०१८ सालची एथर ४५० व २०१९ सालची रिव्होल्ट आरव्ही ४०० या गाड्यांनीं तोच पत्करला. परंतु साखळीची कडी सोडतां येते, तसा पट्टा सोडतां येत नाहीं. दोन्ही चक्रें अगदीं एका रेषेत हवींत. आणि मध्यें खडा गेला तर पट्टा बिघडतो. घरगुती हत्यारांनीं हें साधणें कठीण, असें आमचें मत आहे.

जुना गिअरबॉक्स ठेवावा, असेंहि कित्येक सुचवितात. विजेची मोटार थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण पीळ देते, म्हणून त्याची फारशी गरज नाहीं. आणि आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत तो इंजिनाच्याच कवचांत असतो.

पालकांस एक सूचना. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये असा फेरबदल परवानगीशिवाय करतां येत नाहीं. आमची गाडी म्हणूनच मैदानाबाहेर गेलेली नाहीं. आणि साखळीवर पत्र्याचें झांकण बसविल्याखेरीज मुलांस मोटार सुरू करूं देऊं नये. इंजिनाप्रमाणें ती आवाज करीत नाहीं. ती चालू आहे हें बोटांस आधीं कळतें.