'वाढत्या अंगाचे' साहित्य नको!

मुलांचे कपडे थोडे 'वाढत्या अंगाचे' घ्यावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. कपड्यांपुरती ती काटकसर ठीक. खेळाच्या साहित्याला मात्र हा नियम लावला तर तो घातक ठरू शकतो. लॅक्रॉस या खेळाच्या उदाहरणाने हे समजून घेऊ.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी व इतर मूळ रहिवाशांचा जुना खेळ. काठीच्या टोकाला जाळी असते. तिने चेंडू झेलायचा, घेऊन पळायचे आणि गोलमध्ये फेकायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला आहे. चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा, म्हणजे आपल्या सीझन बॉलपेक्षा किंचितच हलका असतो.

प्रथम काठी पाहू. पुरुषांच्या खेळातील आखूड काठी ४० ते ४२ इंचांची असते. अमेरिकेत लहान वयोगटांतील मुलांना ३७ इंचांची काठीही चालते. फरक जेमतेम तीन इंचांचा. पण वस्तू फिरवताना होणारा विरोध, म्हणजे तिचे जडत्व परिबल, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काठी खालच्या टोकाशी धरली असे मानले, तर टोकावरील जाळी व चेंडू यांचे जडत्व परिबल ४० इंचांऐवजी ३७ इंच घेतल्याने सुमारे १५ टक्क्यांनी घटते. न पेलणारी काठी मूल हात वर सरकवून धरते आणि चुकीची सवय लागते.

मुलांच्या खेळात अंगाला अंग भिडते, म्हणून त्यांना हेल्मेट, हातमोजे, खांद्याचे व छातीचे कवच आणि दातांचे संरक्षक लागते. मुलींच्या खेळात धक्काबुक्कीला मनाई असते. तेथे डोळ्यांचे व दातांचे संरक्षक आवश्यक असते. हेल्मेटचे अस्तर डोके थांबण्याचे अंतर वाढवते. हे अंतर दुप्पट झाले की सरासरी बल निम्मे होते. पण सैल हेल्मेट आघाताच्या वेळी सरकते आणि जेथे अस्तर हवे तेथे ते नसते. नीट बसलेले हेल्मेटही कवटीला जपते. मेंदूला हादरा बसणारच नाही, अशी हमी ते देत नाही.

सर्वांत महत्त्वाचे छातीचे कवच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. विद्युत्‌ आलेखातील 'टी' तरंगाच्या शिखरापूर्वीचे १० ते ३० मिलिसेकंद हा तो काळ. नेमक्या त्या वेळी छातीवर हृदयाच्या जागी चेंडू आदळला, तर निरोगी हृदयही थरथरू लागून बंद पडू शकते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरील प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. मिनिटाला १५० ठोके पडत असतील तर एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. त्यातील २० मिलिसेकंद म्हणजे विसावा भाग. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचीक असल्याने धक्का आतपर्यंत पोचतो.

केवळ जाड गादी येथे पुरत नाही, असे प्रयोगांत आढळले. म्हणून 'नॉक्सी' या अमेरिकी मानक संस्थेने २०१७ मध्ये या धोक्यासाठी स्वतंत्र मानक ठरवले. तेथील लॅक्रॉसमध्ये या मानकाचे कवच २०२१ पासून गोलरक्षकांना आणि २०२२ पासून मुलांच्या संघांतील इतर खेळाडूंनाही सक्तीचे झाले. कवचावर ही खूण आहे ना, आणि हात वर केले, धावले, तरी ते हृदयावरून सरकत नाही ना, या दोन गोष्टी पाहाव्यात. कवचाने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून खेळाडू कोसळल्यास छाती दाबण्याचा प्रथमोपचार शिक्षकांना यायलाच हवा.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. फूटपट्टीवर २० सेंमीच्या खुणेशी मातीचा गोळा चिकटवा. पट्टीचे शून्याकडील टोक धरून मनगटाने ती झपाझप मागेपुढे फिरवा. मग तोच गोळा ३० सेंमीच्या टोकाशी लावा. वजन तेच, पण मनगटावरील ताण जाणवण्याइतका वाढतो. थोरल्या भावाची बॅट धाकट्याच्या हाती देण्यापूर्वी हा प्रयोग घरीही करण्यासारखा आहे.